अर्धा कोयता

दिवाळीच्या पणत्या अजून अंगणातून उचलल्याही नव्हत्या, तोच अंजनतांड्याच्या शाळेत गोपाल मास्तरांनी सगळ्या आयाबापांना बोलावून घेतलं. मास्तर ढाणकीकडचे, कापूस-तुरीच्या घरातले. एरवी एवढ्या खालच्या आवाजात बोलायचे की मागच्या पोरांना कानाशी हात न्यावा लागायचा. पण आज गड्याच्या अंगात वारं शिरलं होतं. हातातला खडू बोलता बोलता कधी तुटला हेही त्यांना कळलं नाही.

"मंजुरी आली!" ते ओरडलेच. "तुमी ऊस तोडाले खुशाल जा. पोरं इथंच ठेवा. शाळेतच राहतीन, दोन टाइम जेवतीन, शिकतीन. धान्य मिळून राह्यलं, गाद्या मिळून राह्यल्या. फक्त सैपाकाले अन् रातच्याले पोरांपाशी झोपाले तांड्यातलीच एक भरवशाची बाई पायजे. अन् वीसेक पोरं तरी पायजेत. नाही तं आलेली मंजुरी वापस जाईन."

भरवशाची बाई म्हटल्याबरोबर झाडून साऱ्या बायांच्या माना एका बाजूला वळल्या. तिथं भिंतीला टेकून सुखीबाई बसली होती. तांड्यावरच्या कुठल्या लग्नात डाळीचं पातेलं तिच्या हातावाचून चुलीवरून उतरत नसे. कोणाचं लेकरू तापलं, कोणाचं रुसलं, तर ते तिच्याच पदराखाली येऊन गप्प व्हायचं.

"सुखी राहात असंन तं माह्या दोन्ही पोट्ट्यायले ठेवीन मी," एक म्हणाली.

"मी बी!"

"मी बी ठेवीन, पण सुखीच पायजे!"

सुखीबाईनं मान वळवली. दाराशी तिची राखी उभी होती, अकरा वर्षांची, कडेवर तीन वर्षांचा रवी. पोरीचे डोळे आईच्या तोंडावरून हलत नव्हते. सुखीबाईच्या ओठांवर 'हो' आलंच होतं, तेवढ्यात शेजारून नवऱ्याचा आवाज आला.

"अन् मंग माह्या कोयत्याचं काय?" पूनमसिंग म्हणाला.

झालं! सगळा गलका फुस्स झाला. कारण उसाच्या फडात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवऱ्यानं ऊस तोडायचा. बायकोनं त्याचं पाचट सोलायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून चढून ट्रकात टाकायची. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कोणी मुकादम दारात उभं करत नाही. सुखीबाई राहिली तर पूनमसिंगही घरी बसला, आणि तो घरी बसला तर वर्षभर खायचं काय?

संध्याकाळी तांड्याच्या नायकाच्या दारापुढं, लिंबाखाली नसाब बसला, म्हणजे पंचायत. तांड्याचा कुठलाही पेच तिथंच सुटायचा. गडी पुढं, बाया मागं, अशी बसायची रीत. बाईला काही म्हणायचं असेल तर ते नवऱ्याच्या तोंडून यायचं.

गुलाबसिंग नायक म्हातारा, पण जिभेनं तरणाताठा. त्यानं सुरुवातीलाच राजकुमारकडे बोट केलं. "शिकून काय होते म्हन्तो मी? हा पाहा आपला राजकुमार. बी.ए. झाला. तरी हातात कोयताच ना बाप्पा?"

सगळे खो खो हसले. राजकुमारही हसला. काटकुळा पोरगा, दोन वर्षांपूर्वी लग्न झालेला. हसून झाल्यावर तो म्हणाला, "नोकरी नाही लागली नायक, खरं हाय. पण मागच्या साली फडात माही मान मुरगळली, तवा मी दवाखान्यात एकटाच गेलतो. डॉक्टरनं मले चार गोष्टी विचारल्या. मी त्याले सहा विचारल्या. गोळी कायची, कितीक दिवस, नाही घेतली तं काय होते. थो बी खुर्ची वढून बसला मंग. तुमी गेले असते तं 'हो साहेब, हो साहेब' करून वापस आले असते."

"हे मातर खरं हाय," कोणीतरी मागून म्हणालं, आणि हसू नायकाच्याच अंगावर उलटलं.

सुखीबाईनं पुढं बसलेल्या पूनमसिंगाच्या पाठीत बोट खुपसलं. बोला ना! पण हा गडी लिंबाची पानं मोजत बसलेला. तिनं पुन्हा खुपसलं. तो थोडा पुढं सरकला. मग मात्र तिची सहनशक्ती संपली आणि ती उभी राहिली. मागच्या बाया दचकून तिच्याकडे पाहायला लागल्या.

"नायक, मीच बोलते आता. शिकून पोरांले नोकरी लागते का नाही, मले काय ठाऊक? मी कुठी शिकली! पण माही राखी सहा वर्साची होती तवापासून फडावर येते. सकाळपासून कडेवर लेकरू, डोक्सावर पाण्याची गुंडी. शाळेत बसली म्हणजे तिच्या अंगावर काही वझं नसते. तेवढंच पाह्यलं मी. लेकराच्या अंगावर चार-पाच महिने वझं नसंन, तं थे लेकरू काय काय करून दाखवंन, हे मले पाहाचं हाय. बस."

नायकानं मिशीवरून हात फिरवला. बाईनं नसाबात बोलायचं नाही हे सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं, पण बायांकडे नजर गेली आणि त्यानं ते मिटलं. तेवढ्यात राजकुमारची बायको बबिता उठली. बारावी झालेली, बोलायला भलती तिखट.

"सोपं हाय नायक. आमचे हे अन् पूनमदादा, दोघाईचा एक कोयता करा. मी बी राह्यते सुखीबाईसंग. दोघी इथं, दोघं तिथं."

ऊसतोडीची टोळी नेणारा उकंडा मुकादम आतापर्यंत सुपारी कातरत होता. त्याचा अडकित्ता थांबला. "अन् दोघाईत बायको कोन?"

अरे बाप रे! असा हशा पिकला की लिंबावरचे कावळे उडाले. एक म्हणाला, राजकुमारची मान गेलेली, त्याच्यानं मोळी उचलणार नाही. दुसरा म्हणाला, म्हणजे बायको पूनमसिंगच! तिसऱ्यानं तर त्याच्या डोक्यावरून खोटा पदरही ओढला. पूनमसिंगाची मिशी साऱ्या तांड्यात मोठी. ती थरथरायला लागली. तो उठला आणि तरातरा निघून गेला. एक चप्पल तिथंच राहिली.

"हे पाह्य सुखीबाई," उकंडा मुकादम हसू आवरत म्हणाला, "मी वाईट माणूस नाही. पण मोळ्या चढल्या नाही तं साऱ्या टोळीचा ट्रक अडून राह्यते. निघाच्या दिवशी तुह्या नवऱ्यानं माह्या डोळ्यादेखत वझं फळीवरून चढवून दाखवावं. चढवलं तं नेतो. नाही तं जोडीनं चला."

दुसऱ्या दिवशी कापसाच्या वावरात पूनमसिंग एक शब्द बोलेना. सुखीबाईही बोलेना. कमरेला बांधलेल्या ओट्यात दोघं कापूस वेचून टाकत होते आणि दोघांच्याही बोटांना बोंडांची टोकं टोचून टोचून रक्त येत होतं. मागून राखी येत होती, रवी कडेवर, एका हातानं वेचत. रवीला खाली ठेवायची सोय नव्हती. ठेवला की ढेकूळ तोंडात घालायचा.

"याडी, आज सर चाचणी घेऊन राह्यले," राखी हळूच आईला म्हणाली.

सुखीबाईनं ओटा सारखा केला. "जाय. पळ. रवीले तुह्या बापापाशी दे."

"मी?" पूनमसिंगाचा आवाज अखेर फुटला.

"मंग कोन? राखीच्या बा, एक दिवस घ्या याले कडेवर. वेचता वेचताच घ्या. राखी घेते तसं."

तिनं हे काही डाव म्हणून केलं नव्हतं, पोरीची चाचणी बुडू नये एवढंच तिच्या मनात होतं. पूनमसिंगानं पोराला कडेवर बसवलं आणि एका हातानं वेचायला लागला. पहिली ओळ झोकात गेली. दुसऱ्या ओळीला त्यानं पोराला उजवीकडून डावीकडे घेतलं. मग खांद्यावर घेतलं, तर रवीनं मिशी धरली. पुन्हा कडेवर. ऊन डोक्यावर आलं. पोरगं झोपलं आणि झोपल्यावर दुप्पट जड झालं. घाम डोळ्यांत जायला लागला आणि पुसायला हात मोकळा नव्हता. ऊन उतरलं तेव्हा त्यानं रवीला सुखीबाईकडे दिलं आणि सरळ व्हायला गेला, तर कमर जागची हलेना! तसाच तिरपा होऊन उभा राहिला.

"माय वं!" तो कण्हला. मग झोपलेल्या रवीकडे पाहून म्हणाला, "राखी रोजच घेते याले?"

"रोज. फडात तं दिवस उगवल्यापासून."

तेवढ्यात बांधावरून राखी धावत आली. पोरगी धापा टाकत होती, एक वेणी सुटलेली, तोंड असं फुललेलं की सुखीबाईला क्षणभर ती दुसऱ्याच कोणाची लेक वाटली. "बा! मले भागाकार आला! साऱ्या वर्गात मलेच पैले आला! सर म्हणे, राखी, तुले हे मागच्याच साली यायले पायजे होतं, तू नव्हती म्हणून राह्यलं!"

"भागाकार म्हणजे काय वं?" तिरप्या पूनमसिंगानं विचारलं.

"सारख्या वाटण्या करणं, बा."

पूनमसिंग तिच्याकडे पाहत राहिला. आनंदानं त्या पोरीला एका जागी उभं राहवत नव्हतं. आपली लेक उड्या मारते हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच त्यानं सुखीबाईला हलवलं. "तुही चुंबळ कुठी हाय?"

सुखीबाईची झोप अशी उडाली म्हणता! नेसूची जुनी फडकी पिळून केलेली, डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची ती चुंबळ तिनं खुंटीवरून काढली आणि स्वतःच्या हातानं नवऱ्याच्या डोक्यावर बसवली. परसात बैलबंडी उभी होती. तिला फळी लावली, कडब्याच्या पेंढ्या पाण्यात भिजवून जड केल्या आणि मोळी बांधली. मोळी डोक्यावर आल्याबरोबर पूनमसिंगाची मान कासवासारखी खांद्यात गेली. फळीवर दोन पावलं टाकली आणि धप्पकन शेणाच्या ढिगात!

"फळीच वाकडी हाय!" तो खेकसला.

"हो, नाचता येईना अंगण वाकडं! उठा. खाली काहून पाह्यता? पायाकडं पाह्यलं की माणूस पडते. समोर पाहा. मान सैल सोडू नका. पाय थोडा आडवा टाका, बोटं फळीत रुतली पायजेत. अन् मधात थांबू नका. थांबले की वझं वाढते."

"हे तुले कोनं शिकवलं?"

"पडली तवा शिकली. तुमी तवा ऊस तोडत होते, पाठमोरे."

तो पुन्हा चढला, पुन्हा पडला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या पोरांनी कुडातून पाहिलं आणि बातमी तांडाभर गेली. मग काय विचारता! सकाळी सकाळी कुडाबाहेर जत्रा. कोणी ओरडे, "पूनमबाई, पदर सांभाळा!" कोणी विचारे, "बाई, माहेर कोणतं?" पूनमसिंग लालबुंद व्हायचा, चुंबळ फेकायला जायचा.

"हसतील त्यांचे दात दिसतील," सुखीबाई म्हणायची. "चढा!"

तिकडे राजकुमारच्या घरी वेगळाच तमाशा. फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, आता रांधणार कोण? बबितानं त्याला चुलीपुढं बसवला होता. पहिली भाकर परातीतच मोडली, दुसरी तव्याला चिकटली, तिसरी कुत्र्यानंही हुंगून सोडली. "बी.ए.ले भाकर नव्हती काय हो?" बबिता विचारायची आणि दोघंही पोट धरून हसायची. पण चार-पाच दिवसांत भाकर फुगायला लागली आणि पूनमसिंगही मोळी घेऊन बंडीत पोचायला लागला. सुखीबाईला रात्री झोप येईनाशी झाली. भीतीनं म्हणा, खुशीनं म्हणा.

निघायचा दिवस उजाडला. ट्रक तांड्याच्या तोंडाशी येऊन लागला. पण सुखीबाई पाहते तर काय, ज्या बाया 'मी बी ठेवीन' म्हणाल्या होत्या, त्यांची पोरं एकामागून एक ट्रकात चढलेली! बाजरीची पोती, भांडी, कोंबड्यांचा खुराडा आणि त्यात दाटीवाटीनं बसलेली पोरं.

"काहून वं?" तिनं विचारलं.

एकीनं नजर चुकवली. "बाई, गडी माणूस हाय. चार लोकांपुढं डोक्सावर चुंबळ घेईन काय थो? ऐन वक्ताले तू बी ट्रकात चढशीन. मंग आमची पोरं कोनाच्या भरवशावर?"

शाळेच्या दारात गोपाल मास्तर उभे होते. नव्या गाद्यांचा ढीग त्यांच्यामागे दिसत होता. त्यांच्यापाशी फक्त राखी आणि रवी. मास्तरांचं तोंड पाहवत नव्हतं.

उकंडा मुकादमानं ज्वारीचं भरलं पोतं ट्रकामागे ठेवलं. "हं पूनमसिंग. मोळीपेक्षा जडच हाय. दाखव."

पूनमसिंग पुढं आला. सगळा तांडा गोळा झाला. त्यानं डोक्याचा पटका सोडला, राजकुमारकडे दिला. मग कमरेची चुंबळ काढली आणि साऱ्यांदेखत डोक्यावर ठेवली. मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं. दोघांनी पोतं उचलून दिलं. मान लचकली, सावरली. पहिलं पाऊल. फळी वाकली. दुसरं, तिसरं. दव पडून फळी ओली झाली होती. मध्यावर त्याचा पाय सटकला, पोतं डावीकडे कललं आणि गड्याची नजर खाली गेली.

"खाली पाहू नका!" सुखीबाई एवढ्या जोरात ओरडली की ट्रकातलं एक पोरगं रडायला लागलं. "समोर पाहा, राखीच्या बा! थांबू नका!"

त्यानं नजर उचलली. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. पाऊल आडवं पडलं, बोटं रुतली आणि एका दमात तो वर गेला. धाडकन पोतं ट्रकात पडलं आणि त्याच्या मागोमाग तोही पोत्यावर कोसळला. मग जो गलका उठला! राजकुमार तर पटका हवेत फेकून नाचायला लागला. हसणारा कोण होता तो कुठं दिसेना.

उकंडा मुकादमानं अडकित्ता खिशात टाकला. "चढ रे राजकुमार. कोयता पुरा झाला."

सुखीबाईला हसूही येत होतं आणि डोळेही गळत होते. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. ट्रक हलला. तेवढ्यात आतून आवाज आला, "थांबवा जी! थांबवा!" मघाशी नजर चुकवणारी ती बाई ट्रकाच्या मागच्या फाळक्याशी आली होती. तिनं आपल्या पोरीला काखेत धरून उचललं आणि खाली सोडलं. "घे सुखे. केस बांधून घेत नाही वेळेवर, जरा रागावजो."

सुखीबाईनं पोरगी झेलली. लगेच दुसरीनं मुलगा दिला. मग दोघं सख्खे भाऊ. मग एक, कोंबडी पोटाशी घट्ट धरून ठेवलेला. कोंबडी आईनं काढून घेतली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, त्याचं कोण ऐकतो! वरून पूनमसिंग पोरं उचलून देत होता, खालून सुखीबाई आणि बबिता घेत होत्या. कोणी रडत होतं, कोणी हसत होतं. आया वरून ओरडत होत्या, याले वांगं चालत नाही, हिले रातच्याले भेव वाटते, थ्याच्या कानाले तेल टाकजो. गोपाल मास्तर धावत आले, पोरांना मोजायला लागले, चुकले, पुन्हा मोजायला लागले आणि वीस ओलांडल्यावर मोजणं सोडून त्यांनी दोघांना खांद्यावर घेतलं. गुलाबसिंग नायकानं काठी टेकत टेकत येऊन आपला नातू स्वतःच्या हातानं ट्रकातून उतरवून घेतला.

ट्रक निघाला तेव्हा पूनमसिंग फाळक्याला धरून उभा होता, चुंबळ अजून डोक्यावर. "मास्तर!" तो धुळीतून ओरडला. "माह्या वाटचं मी डोक्सावर घेतलं! तुमच्या वाटचं तुमी पाडू नका!"

दरसाल ट्रक गेला की तांड्यावर म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी उरायची. मग होळीपर्यंत इकडचा आवाज तिकडे नाही. आज धूळ खाली बसली तरी गलका खाली बसेना. पोरं शाळेकडे पळत सुटली होती, गाद्यांवरून त्यांची भांडणं लागली होती, आणि राखी मोकळ्या हातांनी त्या सगळ्यांच्या पुढं धावत होती.

"अबे हळू! पडसान!" सुखीबाई ओरडली, आणि चूल पेटवायला निघाली.